मुरघास बॅगिंग मशीन : कोल्हापूरचं उद्यमनगर ते प्रयाग चिखली (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी

काम पक्कं झालं. प्रयाग चिखलीतल्या एका महिला बचत गटाला मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेली हिरवी वैरण) बॅगेत दाबून भरायचं मशीन हवंय, आणि जमलं तर गांडूळखत पोत्यात भरायची सोयही. गटातल्या जवळपास प्रत्येकीच्या दारात दोन-तीन म्हशी आहेत. रान एकर-दीड एकर, त्यातलं बहुतेक उसाखाली. हंगामात फडातून वाढं (उसाचे हिरवे शेंडे) मिळतं, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत वैरणीची कुणाला फिकीर नसते. कारखान्यांचे पट्टे पडले, गाळप थांबलं की ओढाताण सुरू होते. पुढं पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की नदीकाठची हिरवी वैरण पाण्याखाली जाते, आणि पाणी उतरलं तरी गाळानं माखलेली राहते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. जनावरं वरच्या बाजूला हलवता आली, पण त्यांच्यापुढं टाकायला काही नव्हतं. हे सांगताना गटातल्या बायकांचा आवाज आजही बदलतो.

बैठकीत यंत्राबद्दल फारसं बोलणं झालंच नाही. गटाच्या अध्यक्ष आक्कांनी एवढंच विचारलं, "बॅग माझ्या एकटीच्यानं हालंल का? मालक सकाळी एमआयडीसीत जात्यात. वैरण टाकायची मलाच हाय."

वहीत पहिली अट म्हणून हेच लिहिलं. एचपी, टन, ताशी उत्पादन हे सगळं त्याच्या खाली.

८ जानेवारी

बाजारात मिळणाऱ्या ५०० किलोच्या आणि एक टनाच्या बॅगा बघून आलो. दहा-पंधरा गाईंच्या गोठ्याला त्या बरोबर आहेत. तीन म्हशींच्या दाराला नाहीत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे.

म्हशीला सुक्या वैरणीसोबत दिवसाला साधारण १५ किलो मुरघास धरला तर तीन म्हशींना ४५ किलो लागतो. म्हणजे टनाची बॅग एकदा उघडली की तीन आठवडे उघडी राहणार. मुरघास टिकतो तो आत हवा नसते म्हणून. तोंड उघडलं की यीस्ट आणि बुरशी जागी होतात, आंबवणीत तयार झालेलं लॅक्टिक आम्ल खाऊन टाकतात, पीएच चढतो आणि माल तापायला लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या बॅगेत हात घातला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ऊब लागते. ती खाली उतरू द्यायची नसेल तर रोज पूर्ण रुंदीवर पंधरा-वीस सेंमीचा थर निघायला हवा. टनाच्या बॅगेतून तीन म्हशी पाच-सात सेंमीच काढतात. मग वरचा काळपट थर उकिरड्यावर जातो आणि माणसं म्हणतात, मुरघास आपल्याकडं चालत नाही. मुरघास चालतो, बॅगेचं माप चुकलेलं असतं.

म्हणून ठरलं : एक बॅग म्हणजे एका घराची एका दिवसाची वैरण. ५० किलो. सकाळी सोडायची, संध्याकाळच्या धारेला संपवायची. उचलायची गरज पडू नये म्हणून आतल्या प्लॅस्टिक पिशवीवर जे बाहेरचं विणलेलं पोतं येतं त्याला दोन कान शिवून घ्यायचे, म्हणजे ओढत गव्हाणीपर्यंत नेता येईल. बाकी सगळी मापं ह्या पन्नासातून निघतील.

१५ जानेवारी

मशीन कोणत्या पद्धतीचं करायचं यावर दिवसभर खल.

परदेशात मोठ्या डेअऱ्यांवर १९७० च्या दशकापासून लांबच लांब प्लॅस्टिकच्या नळीत मुरघास भरतात. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) फिरणारा दातेरी रोटर कुट्टी, म्हणजे बारीक कापलेली वैरण, एका बोगद्यातून मागं ढकलतो. बोगद्यावर घड्या घालून चढवलेली ८ ते १२ फूट व्यासाची नळी भरत जाते, आणि भरलेल्या मालाच्या रेट्यानं मशीन स्वतःच पुढं सरकतं. माल किती घट्ट बसवायचा हे ब्रेकवर ठरतं. ब्रेक आवळला की मशीन सरकायला अडतं आणि आतला दाब वाढतो. दाब द्यायला वेगळं यंत्रच नाही, चालीला केलेला अडथळा हाच दाब. मला ही कल्पना फार आवडते. त्याच घराण्यातल्या मशीननं कंपोस्टही भरतात, फक्त तेव्हा नळीत तळाला भोकं पाडलेला पाइप घालून ब्लोअरनं हवा सोडतात. पण त्याला मोठा ट्रॅक्टर, सपाट लांब जागा आणि रोज कित्येक टन वैरण खाणारा कळप लागतो. चिखलीत वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे आणि बैलगाडीच्या रुंदीच्या वाटा. तो विचार तिथंच थांबवला.

दुसरा पर्याय स्क्रूचा. माल सलग भरला जातो, वेगही चांगला. पण ओली कुट्टी दाबली जाताना स्क्रूच्या पात्यांशी घासते, चिरडते, रस सुटतो आणि तो तळाला साठतो. माल जरा जास्त ओला असला की नळीतच फिरत राहतो, पुढं सरकत नाही. शिवाय साडेसात एचपीच्या खाली त्याला दम नाही.

तिसरा, आडवा हायड्रॉलिक प्रेस. चौकोनी पेटी, एका टोकाला सिलिंडरवर रॅम (ढकलणारा दट्ट्या), दुसऱ्या टोकाला वर सरकणारं गेट. कुट्टी टाकायची, गेटवर दाबायची, गेट उघडायचं आणि त्याच रॅमनं तयार ठोकळा तोंडावर चढवलेल्या बॅगेत ढकलायचा. फिटर मामांचं मत स्पष्ट होतं : "सिलिंडरला सील लागलं तर तासाभरात उद्यमनगरात मिळतंय. स्क्रूची झिजलेली पाती भरायला वेल्डर हुडकत बसावं लागंल." हाच पर्याय घेतला.

१८ जानेवारी

विजेचा हिशेब. रानात थ्री फेज आहे, पण शेतीपंपाच्या फीडरला दिवसाचे काही तासच, आणि पाळी रात्रीची आली की रात्री. मका कापायची ती सकाळी, भरायची त्याच दिवशी. विजेची वाट बघत कुट्टीचा ढीग पडून राहिला तर आंबवणीऐवजी तो तापायला लागतो. गोठ्यात हमखास असते ती सिंगल फेज. म्हणून मशीन तीन एचपीत बसवायचं, ही अट आम्हीच आमच्यावर घालून घेतली.

पेटीचं तोंड ४० बाय ४० सेंमी, म्हणजे १६०० चौ. सेंमी. ६३ मिमी बोअरचा सिलिंडर १४० बारला साडेचार टनांच्या आसपास जोर देतो. मालावर चौ. सेंमीला पावणेतीन किलो येतात. मिनिटाला ७ लिटरचा गिअर पंप तीन एचपीवर एवढा दाब काढतो. रॅमचा पूर्ण स्ट्रोक ११० सेंमी, पुढं जायला जेमतेम अर्धा मिनिट. रॉड ४५ मिमीचा घेतला. तो एवढ्या लांबीत वाकू नये म्हणून घेतला, पण जाड रॉडमुळं परतीच्या बाजूला तेल कमी लागतं आणि रॅम निम्म्या वेळात मागं येतो. हा फायदा वरकड.

सुटी कुट्टी ५० किलो असेल तर पेटीत मीटरभर लांबीची होते. ती ५२ सेंमीवर आणली की घनमीटरला ६०० किलो भरते. तेवढं साधायचं. त्याच्या खाली आलो तर कुट्टीच्या कणाकणांमध्ये इतकी हवा राहते की आंबवणी सुरू व्हायच्या आधीच साखर जळून जाते.

३० जानेवारी

सांगाडा उभा राहिला. खालचं चॅनेल ७५ चं, पेटी ६ मिमी पत्र्याची, बाहेरून फ्लॅटच्या पट्ट्या मारून घेतल्या. आतून ३०४ स्टेनलेसचं अस्तर. खर्च वाढला, पण मुरघासाचा रस आंबट असतो, साधं लोखंड दोन हंगामांत खातो, आणि गंजाचे खवले जनावराच्या पोटात गेलेले आम्हाला चालणार नाहीत.

एक नियम भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय : उद्यमनगरात किंवा लक्ष्मीपुरीत हातोहात मिळत नाही असा एकही भाग मशीनमध्ये नसावा. होज, सील, बेअरिंग, कॉन्टॅक्टर सगळं चालू मापाचं. मका कापून पडलेली असताना पार्सलची वाट बघणं कुणालाच परवडणार नाही.

६ फेब्रुवारी

मका अजून शेतात उभी आहे, म्हणून वाढ्याची कुट्टी दाबून बघितली. मुद्दामच. वाढं कठीण, उसळी मारणारं. ते ज्या मशीनला झेपलं त्याला मका सोपी जाईल. दाब आला, ठोकळा झाला, गेट उघडलं आणि ढकलताना ठोकळा चांगलाच फुगला. वाढ्याचा हा स्वभावच आहे. त्यात नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवायला पशुवैद्यही नको म्हणतात, त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. वाढ्याचा मुरघास करायच्या भानगडीत पडायचं नाही असं गटाला सांगून टाकलं.

पण आजचा खरा उपयोग दुसराच झाला. संध्याकाळी वर्कशॉपचे दिवे घालवले आणि रिकामी केलेली आतली पिशवी हातावर ताणून तिच्यात टॉर्च लावला. चार उभ्या ओळींत बारीक बारीक उजेडाचे ठिपके. बरोब्बर चार कोपऱ्यांच्या रेषेत. ठोकळ्याच्या कडेला आलेली वाढ्याची टोकं आणि तोंडाच्या कोपऱ्यातला वेल्डिंगचा मणी, दोन्ही मिळून प्लॅस्टिक सोलत होती. दिवसा उजेडात हात फिरवला तरी बोटाला काही लागत नव्हतं. असल्या एका ठिपक्याभोवती पुढं मूठभर बुरशी धरते.

तोंडाचे कोपरे कापून तिथं गोल वळण दिलं, आतून मणी घासून आरशासारखा केला. पिशवीही बदलली. दुकानात गेज सांगावं लागतं : ४०० गेज, म्हणजे १०० मायक्रॉन.

७ फेब्रुवारी

नवीन तोंडातून पुन्हा वाढं काढलं, पुन्हा टॉर्च. काळोख. छान.

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस सुरक्षिततेवर गेला आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं ह्या जिल्ह्यातल्या गावागावांत आहेत. मशीन वाईट नव्हतं, रुळांच्या तोंडापर्यंत हात पोचू शकत होता एवढंच. आमच्या प्रेसमध्ये साडेचार टनांचा रॅम आहे.

दाबायचं बटण दोन हातांचं केलं. दोन बटणं पाऊण मीटर अंतरावर, दोन्ही एकदम दाबून धरली तरच रॅम पुढं. एक सोडलं की जागेवर थांबतो. वरून माल टाकायच्या तोंडावर जाळीचं झाकण, ते उघडं असेल तर वीजच तुटते. मोटार आणि पंप थेट कपलिंगनं जोडले, बेल्ट ठेवलाच नाही, तरी कपलिंगवर पत्र्याचा पूर्ण डबा. चालवणाऱ्या बायका साडी नेसून येणार, पदर कुठं जाऊ शकतो हे आधी बघायचं. वेल्डर पोरानं स्वतः टॉवेल कमरेला बांधून मशीनच्या चारी बाजूंनी फेरी मारली आणि जिथं जिथं टोक अडकलं तिथं तिथं खूण केली. त्या सगळ्या जागा झाकल्या.

एकानं सुचवलं की दोन बटणांमुळं वेळ जातो, एकच ठेवू. नाही ठेवणार.

२२ फेब्रुवारी

चिखलीत मका बघायला. कणीस मधोमध मोडलं. दाण्यावर पिवळा भाग आणि पांढरा भाग यांच्यातली दुधाची रेषा वरून निम्म्यापर्यंत उतरली होती. टोकाकडं नख घातलं तर अजून दूध येतं, वरच्या भागात नख रुतत नाही. बरोबर वेळ. पाण्याचं प्रमाण ६५ ते ७० टक्के हवं. त्याच्यापेक्षा हिरवी कापली तर बॅगेतून रस गळेल, वाळू दिली तर दाबली जाणार नाही.

मुठीची परीक्षा आक्कांना आधीच ठाऊक होती. कुट्टी मुठीत घट्ट दाबायची आणि सोडायची. बोटांतून पाणी ठिबकलं तर ओली. गोळा लगेच विस्कटला तर वाळलेली. गोळा हळूहळू उलगडला आणि तळवा नुसता ओलसर राहिला तर भरायला घ्या. आम्ही ओलावा मोजायचं मीटर नेलं होतं. त्याचा आकडा आणि आक्कांची मूठ एकच सांगत होती.

२६ फेब्रुवारी

भरणी. पहाटे कापणी, आठला कुट्टी सुरू, कापाची लांबी एक ते दोन सेंमी. त्याहून लांब राहिली की दाबताना उसळी मारते, फार बारीक केली तर म्हशीला रवंथ कमी होतो.

मक्यात स्वतःची साखर पुरेशी असते, त्यामुळं गूळ-काकवी काही घातलं नाही. तीन-चार भरतीत एक बॅग : टाका, दाबा, टाका, दाबा, शेवटच्या भरतीला दाबाचा काटा १४० बारवर गेला की गेट वर आणि ठोकळा बॅगेत. मग मान गोळा करून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीनं उरलेली हवा ओढून घ्यायची, मान पिरगाळायची, उलटी दुमडायची आणि ट्यूबच्या रबरी पट्टीनं आवळायची. दुमड महत्त्वाची आहे. नुसती गाठ मारली तर सुरकुत्यांमधून हवा परत जाते.

दुपारपर्यंत बायकांचा हात बसला. तासाला पंधरा-सोळा बॅगा निघायला लागल्या. तीन एचपीच्या कुट्टी मशीनचा वेगही जवळपास तेवढाच, त्यामुळं ढीग साठला नाही. काट्यावर बॅगा ४८ ते ५३ किलोच्या भरल्या. तुलनेला काही बॅगा पायानं तुडवून भरल्या होत्या. त्याच मापात त्यांत पस्तीस किलोसुद्धा बसेनात. बाकीची जागा हवेची.

मोटार तापली, पण हात ठेवता येईल एवढीच. तेलाची टाकी मात्र फार गरम झाली. टाकी वीस लिटरची आहे, चाळीसची करायची.

१ मार्च

सकाळी सकाळी फोन. बॅगा फुगल्यात, फुटतील का? फुटणार नाहीत. पहिल्या काही दिवसांत पानांचा श्वास आणि आंबवणी यातून वायू तयार होतो, बॅग टम्म होते, नंतर आपोआप बसते. टाचणी मारायची नाही हे मात्र दोनदा सांगितलं. आणखी एक सांगितलं : भरणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बंद खोलीत बॅगांजवळ झोपायचं नाही, पोरांना खेळू द्यायचं नाही. नायट्रेट जास्त असलेल्या वैरणीतून तपकिरी-पिवळसर वायू सुटू शकतो, तो फुप्फुसाला घातक आहे. बॅगा उघड्या सोप्यात, वारं खेळेल अशा ठिकाणी आहेत, त्यामुळं काळजी नाही. तरी सांगून ठेवलेलं बरं.

१० मार्च

उंदीर. अपेक्षित होतंच. बॅगा जमिनीवरून वीटभर उंच फळीवर घेतल्या, भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे मांजर फिरू शकेल. एका बॅगेला भोक पडलं होतं, ते पुसून चिकटपट्टी लावली आणि तीच बॅग सगळ्यात आधी वापरायची अशी खडूनं खूण केली.

१२ एप्रिल

पंचेचाळीस दिवस झाले. बॅग उघडली.

मान सोडताच आंबूस-गोड वास आला, ताज्या ताकाच्या जवळ जाणारा. रंग हिरवट पिवळा. कुट्टीचा तुकडा न तुकडा सुटा, चिकटपणा नाही, दाणे जसेच्या तसे. पीएच पट्टी ४ च्या रंगावर थांबली. कोपऱ्यांमध्ये मुद्दाम हात घालून बघितलं, कारण टॉर्चचे ते ठिपके डोक्यातून गेले नव्हते. कोपरे स्वच्छ. पायानं तुडवलेल्या बॅगेच्या वरच्या चार बोटांत पांढरी बुरशी होती आणि मधला भाग तपकिरी पडला होता. तो तपकिरी रंग उष्णतेचा. अशा वैरणीतली प्रथिनं जनावराला नीट पचत नाहीत. बुरशीचा भाग टाकून दिला. गाभण म्हशीला तर त्याचा वासही द्यायचा नाही.

म्हशींनी पहिल्या दिवशी हुंगून तोंड फिरवलं. आक्कांनी वरून मूठभर पेंड भुरभुरली, ओल्या वैरणीत मिसळून थोडं थोडं वाढवलं. आठवड्यात पूर्ण माप द्यायचं. दूध किती वाढलं, फॅट किती लागली असं लगेच विचारायचा मोह सगळ्यांनाच होता. दूध संस्थेच्या पावत्या महिनाभर जपून ठेवा, मग बघू, असं ठरलं.

आक्कांनी सगळ्यांसमोर बॅग कानाला धरून गव्हाणीपर्यंत एकटीनं ओढत नेली. "हालतीया," म्हणाल्या.

२० एप्रिल

नेपिअर, म्हणजे हत्ती गवत. ह्यात पाणी ८० टक्क्यांच्या पुढं आणि साखर कमी, म्हणजे मुरघासाला दोन्ही बाजूंनी अवघड. सकाळी कापून संध्याकाळपर्यंत उन्हात सुकवलं, आणि टनाला दहा किलो गूळ पाण्यात विरघळवून कुट्टीवर शिंपडला. गुऱ्हाळावरची काकवी मिळाली तर ती जास्त सोपी, विरघळवत बसावं लागत नाही. प्रेसचा दाब १०० बारवरच थांबवला, त्याच्या पुढं रस सुटायला लागतो. रिलीफ व्हॉल्व्हच्या चाकावर मक्यासाठी लाल आणि नेपिअरसाठी पिवळी अशी रंगाची खूण केली.

५ मे

आता खताची बाजू. गटाच्या मनात असं होतं की एकाच मशीनमधून दोन्ही भरावं, सकाळी वैरण, दुपारी खत. याला मी ठाम नकार दिला आणि का ते सविस्तर सांगितलं.

एक तर दोघांच्या गरजा उलट्या. मुरघासाला हवा अजिबात नको. गांडूळखत जिवंत माल, त्यातल्या जिवाणूंना हवा लागते. ते प्लॅस्टिकच्या अस्तरात दाबून बांधलं तर आठवड्यात कुबट वास मारतं. त्याला विणलेलं साधं पोतं आणि सैल भरणी. दुसरं कारण जास्त गंभीर. शेण आणि मातीतले क्लॉस्ट्रिडियासारखे जिवाणू पेटीच्या सांध्यात राहिले आणि दुसऱ्या दिवशी मक्यात मिसळले, तर लॅक्टिकऐवजी ब्युटिरिक आम्ल तयार होतं, मुरघास सडका होतो, जनावर आजारी पडतं. स्टेनलेस कितीही धुतलं तरी ही जोखीम घ्यायची नाही.

म्हणून सांगाडा वेगळा, हॉपर (माल ओतायचं नरसाळं) वेगळं, दोन्हींत सामाईक फक्त वजनकाटा.

गंमत अशी की जो स्क्रू जानेवारीत नाकारला तो इथं एकदम योग्य ठरला. खत दाबायचं नाही, नुसतं मोजून सोडायचं आहे. १०० मिमीचा स्क्रू, एक एचपीची गिअर मोटार.

१९ मे

खत स्क्रूपर्यंत पोचतच नव्हतं. हॉपरमध्ये कमान धरून बसत होतं, खाली पोकळी. काठीनं ढोसलं की ढासळायचं, मग पुन्हा कमान. हॉपरच्या भिंती आडव्यापासून ५० अंशांवर होत्या, त्या ६५ वर उभ्या केल्या आणि आत सावकाश फिरणारा दांडा बसवला. दांड्याला उसाच्या पाचटाचे धागे गुंडाळायला लागले. पाचट अर्धवट कुजलेलं होतं. ह्याचा उपाय मशीनमध्ये नाही, गांडूळखताच्या बेडवर आहे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडं, त्यामुळं शेण भरपूर घालून, ओलावा राखून आधी नीट कुजवायचं, मगच गांडुळांच्या हवाली करायचं. तोपर्यंत भरणीच्या आधी चाळण.

चाळण ४ मिमीची घेतली, ह्याला आधार आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखताचा ९० टक्के माल ४ मिमी चाळणीतून जायला हवा आणि ओलावा १५ ते २५ टक्क्यांत हवा असं आहे. नत्र किमान एक टक्का. घरच्या रानात टाकायचं असेल तर प्रश्न नाही, पण गटाला उद्या खत विकायचं आहे, तेव्हा आत्तापासूनच त्या मापात बसवतोय. ओलावा २५ च्या आत आला की हॉपरमधली कमानही धरत नाही, हे आजच लक्षात आलं. एकाच अटीनं दोन कामं होतात.

विक्रीच्या पोत्याचा काटा वैधमापन खात्याकडून पडताळून, शिक्का मारून घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दर वर्षी लागतं. गटाच्या वहीत तारीख टाकून दिली.

२ जून

पावसाळ्याचा साठा कुठं ठेवायचा. गटातल्या एकीनं विचारलं, बॅग बंद आहे, पाणी आत जात नाही, मग पुरात भिजली तर काय बिघडतं? प्रश्न उत्तम होता. बिघडतं ते असं : बॅग तरंगते. घनमीटरला ६०० किलोचा माल पाण्यापेक्षा हलका, ५० किलोची बॅग ८३ लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तेहतीस किलोच्या जोरानं वर येते. सोप्यातली थप्पी पाण्यानं उचलली तर बॅगा भिंतींवर, खांबांवर घासत फाटतील आणि मग पुराचं घाण पाणी आत.

माळ्यावर चढवाव्यात तर एका घराच्या महिन्याच्या बॅगा दीड टन. एकच थर लावला तरी चौरस मीटरला २४० किलोच्या आसपास भार येतो. जुन्या लाकडी माळ्यांचं ते काम नाही. स्लॅबवर ताडपत्रीखाली एकच थर, तोही विरळ पसरून. ज्यांचं घर कौलारू आहे त्यांच्या बॅगा आत्ताच, रस्ता कोरडा असताना, सोनतळीला पाहुण्यांच्या किंवा स्वतःच्या जागेत हलवायच्या. इशारा पातळीची वाट बघायची नाही. ३९ फुटांना ट्रॅक्टर माणसांसाठी आणि जनावरांसाठी लागतो.

ही यादी आक्कांनी घरनिहाय स्वतः केली. कुणाच्या किती म्हशी, किती बॅगा, कुठं ठेवणार.

९ जून

फाटलेल्या आतल्या पिशव्यांचं काय करायचं हा विषय राहिला होता. बांधावर टाकल्या तर म्हशीच्या पोटात जाणार, जाळल्या तर धूर. प्रत्येक घरात रिकाम्या पिशव्या झटकून, धुऊन एका पोत्यात साठवायच्या आणि महिन्यातून एकदा एकत्र भंगारवाल्याला द्यायच्या. स्वच्छ प्लॅस्टिकला (एलडीपीई) तो दर देतो, मातीनं माखलेल्याला देत नाही. बाहेरची विणलेली पोती पुन्हा वापरता येतात, कान मात्र दुसऱ्या हंगामाला नव्यानं शिवावे लागतील असं दिसतंय.

संस्थेच्या पावत्या बघितल्या. दूध टिकून आहे. उन्हाळ्यात दर वर्षी जे खाली येतं ते ह्या वेळी फारसं आलेलं नाही. हिरवी वैरण विकत घेतलेली नाही, हा आक्कांच्या मते मोठा फरक. फॅटबद्दल मी एवढ्यात काही लिहिणार नाही. ओंजळभर सरकी पेंड आणि वेताचा महिना यांचाही त्यात वाटा असतो.

१४ जून

मशीन गटाच्या ताब्यात दिलं. सोबत सिलिंडरचा सील किट, एक जादा होज, गेटच्या दोन बुश आणि ग्रीसचा डबा. चाळीस लिटरची टाकी बसली. चाकं मोठी केली, कारण हे मशीन एका दारातून दुसऱ्या दारात फिरणार आहे आणि चिखलीच्या गल्ल्यांत छोटी चाकं रुततात.

खरीप मका ह्या आठवड्यात टोकली जातेय. ती सप्टेंबरात भरायला येईल, पण तेव्हा पाऊस असेल आणि कुट्टी ओली. त्यासाठी पेटीच्या तळाला रस निघून जायला बारीक फटी द्याव्या लागतील, खाली पन्हळ. पत्रा उद्या आणायचा.